बैलाचं नाणं १९४४ चं नाहीये

पत्र:

मावशी, नमस्कार. वय २४, लोकमान्य नगरात राहतो, नोकरी विजय नगरला. मार्चमध्ये आमचे आजोबा गेले. त्यांच्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, त्यात दीडशेच्या वर जुनी नाणी आहेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही पण रोज रात्री जेवण झालं की डबा उघडून बसतोय. एका तांब्याच्या नाण्यावर बसलेला बैल आहे आणि १९४४ लिहिलंय, एक भोकाचा पैसा आहे त्यावर पण १९४४ आहे. एक जाडजूड चांदीचं आहे, सगळं उर्दूत, काका म्हणतात मुघलांचं आहे. आईने काळी पडलेली दहा-बारा नाणी चिंचेने घासून चकचकीत केलीत. आणि व्हॉट्सॲपवर एकजण वैष्णोदेवीच्या नाण्याचे ५ लाख देतो म्हणतोय, त्याआधी १५५० रुपये रजिस्ट्रेशन भरायचंय, तेही आज रात्रीपर्यंत. भरू का? खरंतर विकायचं मनात नाहीये, आजोबांनी एवढं जमवलं तर मलाही पुढे जमवावंसं वाटतंय. पण सुरुवात कुठून करतात आणि खर्च किती येतो?
— आजोबांचा नातू, इंदूर

उत्तर:

बेटा, पैसे भरू नकोस. एक रुपयासुद्धा नाही. वैष्णोदेवीचं नाणं सरकारने २०१२ साली श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं म्हणून काढलं, पाच रुपयाचं आणि दहा रुपयाचं, आणि ते भाजीवाल्याकडून सुट्ट्यात येतं. जे नाणं सुट्ट्यात येतं त्याचे कोणी ५ लाख का देईल, एवढाच विचार कर. हे लोक बऱ्याचदा रिझर्व्ह बँकेचा लोगो लावलेलं पत्र पण पाठवतात, आणि रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीशी आमचा काही संबंध नाही आणि आम्ही त्यासाठी कुठलंही कमिशन किंवा फी मागत नाही. १५५० भरलेस की मग जीएसटी म्हणून ८ हजार मागतील, मग इन्शुरन्स म्हणून अजून काहीतरी, आणि प्रत्येक वेळी आज रात्रीपर्यंतच असतं. नंबर ब्लॉक कर, त्याआधी चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेव. हे उत्तर वाचेपर्यंत भरून बसला असशील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, लाजू नकोस, जितक्या लवकर सांगशील तितकं बरं.

आता आईला माझा नमस्कार सांग आणि राहिलेली नाणी तिच्या हातून अलगद काढून घे. तिची काही चूक नाही, आपल्या घरात तांबं-पितळ काळं दिसलं की हात आपोआप चिंचेकडे जातो, देवाची भांडी तशीच तर लखलखीत होतात. पण नाण्याचं उलटं आहे. मी नववीत असताना वडिलांनी दिलेला व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा कलदार, म्हणजे चांदीचा रुपया, दातांच्या पावडरीने अर्धा तास घासला, आरशासारखा झाला, आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली बघितलं तर राणीच्या केसांच्या बारीक रेघा, गळ्याजवळची नक्षी, सगळं गुळगुळीत. वर आडव्यातिडव्या ओरखड्यांचं जाळं. शंभर वर्षं कोणाकोणाच्या हातातून फिरून जे टिकलं ते मी अर्ध्या तासात घालवलं होतं. ते नाणं अजून माझ्याकडे आहे, दरवेळी बघितलं की पोटात कालवतं. तांब्यावरचा जो चॉकलेटी-काळा थर असतो तो घाण नाहीये, तो खालच्या धातूचं रक्षण करतो, आणि जाणकार माणूस तो थर बघूनच नाणं अस्सल आहे का, कोणी छेडलंय का ते सांगतो. चिंचेतलं आम्ल तो थर खाऊन टाकतं, त्यात मीठ घातलं असेल तर अजूनच वाईट, आणि मग नाण्याला जो गुलाबी-भडक रंग येतो तो लांबूनच ओळखू येतो. घासलेल्या नाण्याची किंमत बऱ्याचदा अर्धीच्याही खाली जाते. पण तुला विकायचं नाहीये त्यामुळे किंमत सोड, अक्षरं जातात हे मोठं दुखणं आहे.

घासून झालेली आहेत ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच पाणी) दोन-तीनदा पाणी बदलून बुडवून ठेव, कारण आम्ल आणि मीठ बारीक खाचांमध्ये राहिलं तर ते आतून खातच राहतं. मग मऊ सुती कापडावर ठेवून नुसतं टिपायचं, पुसायचं नाही. चार-पाच वर्षांत आपोआप रंग धरतील. बाकीच्यांना हातच लावू नकोस. आणि नाणं धरायचं ते कडेला, दोन बोटांत, खाली पंचा किंवा जाड टॉवेल अंथरून, म्हणजे सुटलं तरी फरशीवर आपटणार नाही. बोटांचा घाम फार वाईट, चकचकीत नाण्यावर बोटाचा ठसा काही महिन्यांत काळा उमटतो आणि मग तो जन्मात जात नाही.

आता तुझ्या बैलाकडे येते, कारण पत्र वाचताना माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं होतं.

बैल आणि भोकाचा पैसा, दोन्हींवर १९४४. तुला वाटलं दोन्ही एकाच वर्षाची. भोकाचा पैसा खरंच १९४४ चा आहे, दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा धातू वाचवायला इंग्रज सरकारने मधे भोक पाडलेला पैसा काढला, १९४३ ते १९४७ तो चालला. पण बैलाचं नाणं इंग्रजांचं नाहीच, ते आपल्या इंदूरचं आहे, होळकरांचं, आणि त्यावरचे १९४४ हे विक्रम संवताचे आहेत. संवतातून ५७ वजा कर. १८८७. म्हणजे शिवाजीराव होळकर गादीवर आले १८८६ मध्ये, त्यांच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं. सूर्य आणि बैल दोन्ही होळकरांच्या राजचिन्हात आहेत. तुझ्या डब्यात एकमेकांना चिकटून पडलेल्या त्या दोन नाण्यांमध्ये ५७ वर्षांचं अंतर आहे, एक पडलं तेव्हा गादीवर शिवाजीराव होते आणि दुसरं पडलं तेव्हा त्यांचे नातू यशवंतराव.

ही संवताची गोष्ट एकदा डोक्यात बसली ना की अर्धं काम झालं. आपल्याकडे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा तिन्ही मराठी संस्थानांची तांब्याची नाणी घराघरात निघतात आणि लोक आकडा वाचून फसतात. ग्वाल्हेरचा माधवराव शिंद्यांचा चेहरा असलेला पाव आणा आहे, त्यावर १९७०. लोक म्हणतात १९७० मध्ये कुठला आला राजा, नकली आहे, टाकून द्या. तो १९१३ चा आहे. यशवंतराव होळकरांचा चेहरा असलेलं तांब्याचं नाणं संवत १९९२ चं, म्हणजे १९३५. बडोद्याच्या पैशावर तलवार आणि घोड्याची टाप असते, तिथेही संवतच. इंग्रजी वर्षाच्या सुरुवातीचे तीन महिने धरले तर ५६ वजा करावे लागतात, म्हणून एखाद वर्ष इकडेतिकडे होऊ शकतं, तेवढं चालतं. शालिवाहन शक असेल किंवा हिजरी असेल तर हिशोब वेगळा, हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे छोटं असतं त्यामुळे सरळ वजाबाकी चालत नाही, पण ते नंतर शिकशील.

म्हणून मी नवीन माणसाला नेहमी एकच सांगते, किंमत विचारायच्या आधी नाणं वाचायला शीक. ज्याला वाचता येत नाही त्याला दुकानदार पण फसवतो आणि व्हॉट्सॲपवाला पण. एक वही कर, रोज रात्री डबा उघडून बसतोच आहेस तर रोज एक नाणं घे, फक्त एक, आणि त्याचं वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंवर काय काय दिसतं, कड साधी आहे की दातेरी, हे लिही. समजलं नाही तरी लिही, ज्या अक्षराचा अर्थ लागत नाही ते चित्रासारखं काढून ठेव. आजोबांनी कुठे एखादी चिठ्ठी, पाकीट, जुन्या पेपरचा तुकडा त्यात ठेवला असेल तर तो फेकायचा नाही, कुठलं नाणं कुठल्या पुडीत होतं ते पण लिहून ठेव. मी स्वतः एका म्हाताऱ्या काकांचा संग्रह असा मोकळा करून बसले होते, सगळ्या पुड्या सोडल्या आणि नाणी एकत्र केली, आणि महिन्याभराने कळलं की प्रत्येक पुडीवर पेन्सिलने कुठे मिळालं ते गाव लिहिलेलं होतं. ती माहिती गेली ती गेलीच.

सामान फार लागत नाही. १० पट मोठं दाखवणारं भिंग, सराफ वापरतात तसलं, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा. झालं. काटा हा चैनीचा प्रकार समजू नकोस, खोटं नाणं पकडायला पहिला उपयोग त्याचाच होतो. इंग्रजांचा चांदीचा रुपया, ज्याला आपल्या घरातली जुनी माणसं कलदार म्हणतात, तो ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. वापरून झिजलेला असेल तर किंचित कमी भरेल. १० ग्रॅम भरला किंवा १३ भरला तर समजायचं काहीतरी गडबड आहे. लोहचुंबक पण जवळ ठेव, चांदी चिकटत नाही. पण १९४७ चा वाघाचा रुपया चिकटला तर घाबरू नकोस, तो निकेलचाच आहे आणि निकेल चुंबकाला चिकटतं. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच असते, आधीच्यात ९१.७ टक्के, त्यामुळे १९४० नंतरची नाणी रंगाने जरा वेगळी दिसतात.

दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप म्हणून जी नाणी बाजारात मिळतात ती पुष्कळदा नव्याने पाडलेली असतात, पूजेला चालतात, संग्रहाला नाही. कड नीट बघ, ओतीव खोट्या नाण्याच्या कडेला जोड असल्यासारखी बारीक रेघ दिसते आणि पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखे खड्डे. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया कोणी स्वस्तात देतोय म्हणाला तर हात मागे घे, तो इतका दुर्मिळ आहे की त्याच्या नकला असलीपेक्षा जास्त फिरतात. आणि आजोबांच्या डब्यात ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, राम दरबार असं नाणं असेलच, जवळजवळ प्रत्येक घरात असतं. कंपनीने तसलं नाणं कधीही काढलेलं नाही. नंतरच्या काळात श्रद्धेने किंवा धंद्यासाठी पाडलेली ती टोकनं आहेत. देवघरात ठेव, आजोबांनी जपलं म्हणून जप, पण त्यासाठी कोणी हजारो मागितले तर देऊ नकोस.

उर्दूतल्या चांदीच्या नाण्याबद्दल. ती उर्दू नाहीये, फारसी आहे, आणि काका मुघलांचं म्हणतात ते पूर्ण चूक पण नाही, पूर्ण बरोबर पण नाही. मराठ्यांच्या बहुतेक टाकसाळी बादशहाच्या नावानेच रुपये पाडायच्या कारण बाजारात तेच नाव चालायचं, लोकांचा त्यावर विश्वास होता. शाह आलम बादशहा १८०६ मध्ये वारला तरी त्याचं नाव होळकरांच्या रुपयावर पुढे कितीतरी वर्षं येत राहिलं. मग ते होळकरांचं कसं ओळखायचं? चिन्हावरून. इंदूरच्या टाकसाळीचं नाव नाण्यावर मल्हारनगर असं येतं आणि त्यावर सूर्याचा चेहरा असतो, डोळे-नाक असलेला, भोवती किरणं. महेश्वरच्या टाकसाळीवर शिवलिंग आणि बेलाचं पान. अहिल्याबाईंच्या महेश्वराचं बेलपान, फारसी अक्षरांच्या मधोमध! पहिल्यांदा ते मला भिंगातून दिसलं तेव्हा मी किती वेळ नुसती बघत बसले होते. नाणं पाडायचा ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा त्यामुळे अर्धी अक्षरं कडेबाहेर गेलेली असतात, म्हणून एका नाण्यावर सगळं कधीच सापडत नाही, तीन-चार नाणी शेजारी ठेवून पूर्ण ओळ जुळवावी लागते.

आता सुरुवात कुठून. लोक म्हणतात सगळं जमवतो, आणि दोन वर्षांत कंटाळतात. एक विषय धर. संस्थानी तांबं तुझ्याकडे आहेच, इंदूरचा मुलगा आहेस, होळकरांपासून सुरू कर असं मला मनापासून वाटतं, पण पहिलं वर्षभर हात बसवायला नया पैसा घे. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान पद्धत आली, त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते, आणि लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नवीन नाण्यांवर नये पैसे असं लिहायचे, १९६४ मध्ये नये हा शब्द काढला. सात-आठ वर्षांचाच खेळ आहे, एक, दोन, पाच, दहा, पंचवीस, पन्नास, सगळे वेगवेगळ्या आकाराचे. वापरलेली नाणी अगदी थोड्या पैशात मिळतात, आणि वर्षाखालचं चिन्ह बघायची सवय लागते. हल्लीच्या नाण्यांवर सालाच्या खाली पत्त्यांतली असते तशी चौकट म्हणजे मुंबई टाकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता, आणि १९८८ पासूनच्या नाण्यांवर गोल ठिपका असेल तर नोएडा. आज खिशातली चिल्लर काढ आणि बघ, चारही सापडतील कदाचित.

महिन्याला ५०० रुपये ठरव, त्याच्यावर जाऊ नकोस, निदान पहिलं वर्ष. त्यातले निम्मे पुस्तकं आणि कॅटलॉगला. जुनं म्हणजे महाग हा समज तर मनातून काढूनच टाक, दोन हजार वर्षांपूर्वीची चांदीची आहत नाणी, ज्यांवर छोटेछोटे ठसे मारलेले असतात, ती कितीतरी वेळा त्या १९३९ च्या रुपयापेक्षा स्वस्त पडतात. किती पडली, किती उरली आणि कुठल्या अवस्थेत, यावर भाव ठरतो. जाहिरातीतला आकडा हा भाव नव्हे, लिलावात प्रत्यक्ष गेलेली किंमत हा भाव. आणि बिल घे नेहमी.

ठेवायचं कसं तर पुठ्ठ्याचे खिडकीवाले कॉइन होल्डर येतात ते, नाहीतर साधी कागदी पाकिटं. मऊ, रेनकोटसारखा वास येणाऱ्या प्लॅस्टिकचे अल्बम अजिबात नकोत, काही वर्षांत त्यातून चिकट हिरवा थर नाण्यावर उतरतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. तांब्यावर फिक्या हिरव्या रंगाची भुकटी दिसली तर ते नाणं पहिल्यांदा वेगळं कर.

कायद्याचं थोडं. घरात वारशाने आलेलं ठेवायला काही अडचण नाही. पण कोणी शेतात सापडलेला नाण्यांचा घडा विकायला आलं तर लांब राहा, १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. १०० वर्षांच्या वरची नाणी आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, बाहेरचा कोणी ऑनलाइन मागत असेल तरी.

या रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाली की ए. बी. रोडवरच्या आपल्या सेंट्रल म्युझियममध्ये जा आणि नाण्यांसमोर निवांत वेळ घालव. तिथून पुढे कधी नाशिककडे जाणं झालं तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, १९८० पासूनची, तिथलं संग्रहालय बघ, मुंबईला गेलास तर फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं आहेच. काचेमागचं अस्सल नाणं डोळ्यात भरलं की हातातलं खोटं लगेच टोचायला लागतं.

आणि आज रात्री डबा उघडशील तेव्हा ते फारसीवालं नाणं घे, दिवा एका बाजूला ठेव, वरून नको, आणि नाणं हळूहळू तिरपं फिरव. अक्षरांच्या मधे कुठे गोल चेहरा दिसतो का बघ, दोन डोळे, बाजूने किरणं. दिसला तर वजन करून दोन्ही बाजूंचे आणि कडेचा असे तीन फोटो मला पाठव. बेलाचं पान दिसलं तर फोटो पाठवायच्या आधी आईला दाखव.

— मावशी